विजयदुर्ग समजून घेताना तटाआधी खाडी पाहावी

विजयदुर्गाच्या पश्चिमेकडील बुरुजावर उभे राहिले की नजर आपोआप समुद्राकडे जाते. शत्रू तिकडूनच येत असणार आणि तोफाही तिकडेच रोखलेल्या असणार, असे वाटते. पण हा किल्ला समजून घ्यायचा असेल, तर तटावरून चालत उत्तरेच्या अंगाला यावे आणि खाडीकडे पाहावे. वाघोटण नदीची ही खाडी किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. किल्ल्याला आठशे वर्षे लाभलेले महत्त्व, आंग्रे काळातील त्याचा दरारा आणि १७५६ मध्ये अवघ्या दोन दिवसांत झालेला त्याचा पाडाव, या तिन्ही गोष्टींचा उलगडा तटबंदीच्या उंचीपेक्षा या पाण्याने अधिक होतो.

विजयदुर्ग सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात आहे. खाडीपलीकडचा किनारा रत्नागिरी जिल्ह्यात मोडतो. खाडीच्या मुखाशी दक्षिणेकडून एक भूशिर पाण्यात घुसले आहे आणि किल्ला त्याच्या टोकावर आहे. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचा वारा समुद्र खवळून टाकतो. त्या चार महिन्यांत लाकडी जहाज उघड्या किनाऱ्याला ठेवणे म्हणजे ते गमावणे होते. त्यामुळे ज्याला आरमार बाळगायचे असेल, त्याला वाऱ्याच्या आडोशाचे खोल पाणी लागे, आणि तेच या भूशिरामागे मिळते. शिवाय ही खाडी आत थेट खारेपाटणापर्यंत जाते. खारेपाटण हे शिलाहारांच्या काळापासूनचे बंदर असून तेथून माल घाटमार्गे देशावर जात असे. म्हणजे या एका मुखावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती जहाजांचा निवारा आणि व्यापाराची वाट या दोन्ही गोष्टी येत.

हे ओळखून शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे किल्ला बांधला, असे मानले जाते. पुढे तो आदिलशाहीकडे गेला. शेजारच्या गिर्ये गावावरून त्याला ‘घेरिया’ म्हणत आणि इंग्रजी कागदपत्रांत हेच नाव दीर्घकाळ टिकले. शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला ते वर्ष विजय नाम संवत्सराचे होते, म्हणून त्याचे नाव विजयदुर्ग झाले, ही हकिकत सर्वत्र सांगितली जाते आणि त्यासाठी १६५३ हे साल दिले जाते. पंचांगाच्या हिशेबाने शके १५७५ चे संवत्सर विजय हेच येते, त्यामुळे नावाचा हा अर्थ आकर्षक वाटतो. मात्र कोकणात उतरण्याच्या वाटेवरची जावळी महाराजांच्या ताब्यात आली ती १६५६ मध्ये, आणि स्वराज्याचा कोकणातील विस्तार प्रामुख्याने त्यानंतरचा आहे. म्हणून १६५३ हे साल जपूनच वापरावे, असे मला वाटते. किल्ल्याला शिवकाळात आरमारी ठाण्याचे स्वरूप आले, एवढे मात्र निश्चित.

आता तटबंदीकडे येऊ. तिन्ही बाजूंना पाणी असल्याने हल्लेखोराला पायी यायला एकच वाट उरे, ती गावाच्या बाजूची. तेथे खंदक होता. आज तो बुजला आहे. या बाजूला तटबंदी एकावर एक अशी तिहेरी दिसते. बाहेरचा तट बुटका, त्यामागचा त्याहून उंच आणि सर्वांत आतला सर्वांत उंच, अशी ही मांडणी आहे. तिचा हेतू सोपा आहे. तिन्ही तटांवरील लोकांना एकाच वेळी मारा करता येतो, कारण मागच्याची गोळी पुढच्याच्या डोक्यावरून जाते. शत्रूने पहिला तट फोडला, तरी तो अरुंद जागेत सापडतो आणि वरून दुसऱ्या तटाचा मारा सुरू होतो. हा विस्तार शिवकाळातील मानला जातो. आज किल्ल्याचे क्षेत्रफळ सुमारे १७ एकर भरते.

पहिला दरवाजा ‘जिभीचा दरवाजा’ म्हणून ओळखला जातो. मुख्य दरवाजा थेट दिसू नये आणि त्यावर समोरून तोफ डागता येऊ नये, म्हणून त्यापुढे जी आडवी भिंत घालतात तिला जिभी म्हणतात. तेथून आत शिरले की डाव्या-उजव्या हातांना उंच तट लागतात, वाट वळते, आणि वळण पूर्ण होईपर्यंत मुख्य दरवाजा नजरेस पडत नाही. ज्याला गोमुखी रचना म्हणतात ती हीच. ही वाट एकदा अगदी सावकाश चालून पाहावी. खांद्यावर ओंडका घेतलेल्या दहा-बारा माणसांना येथे धावत येऊन दरवाजावर धडक मारता आली असती का, हे मनाशी ताडून पाहिले की वळणाचे प्रयोजन कळते. हत्तीलाही येथे धाव घ्यायला जागा नाही. आत सदर, खलबतखाना, दारूकोठार, धान्याचे कोठार, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि तलाव यांचे अवशेष आहेत. वेढा पडल्यास माणसे महिनोन्‌महिने आत राहू शकतील, अशी ही तजवीज होती.

समुद्राच्या बाजूला आणखी एक बांधकाम आहे, पण ते पाण्याखाली असल्याने पर्यटकाला दिसत नाही. किल्ल्यावर चाल करून येणारी जहाजे काही अंतरावर आपटून फुटत, अशी आठवण स्थानिक परंपरेत होती. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने समुद्रतळाची पाहणी केली, तेव्हा तेथे सुमारे १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि ७ मीटर रुंद अशी दगडांची भिंत आढळली. तिचा उपयोग समजण्यासाठी जहाजांचा फरक लक्षात घ्यावा लागतो. युरोपीय जहाजांचा तळ खोल असे, त्यामुळे त्यांचा बराच भाग पाण्याखाली राही. कोकणातील जहाजे उथळ बुडाची असत. पाण्याखाली दडलेला जो अडथळा मोठ्या जहाजाचा तळ फोडेल, त्यावरून गलबत सहज पुढे जाऊ शकते.

मराठी आरमाराचे बळ या फरकावरच उभे होते. त्याची दोन मुख्य जहाजे म्हणजे गुराब आणि गलबत. गुराब मोठी, तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि तिचा पुढचा भाग सखल, निमुळता असे. त्यामुळे तेथे ठेवलेल्या तोफांना थेट समोर मारा करता येई. गलबत लहान आणि चपळ असून वाऱ्याबरोबर वल्ह्यांवरही चाले. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी अडकून पडे. अशा वेळी गलबते दोर बांधून गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात, मागे फारशा नसतात. त्यामुळे गुराबा पिछाडीवर मारा करून त्याची शिडे आणि दोरखंड तोडत, आणि जहाज पंगू झाले की गलबतांतील माणसे त्यावर चढत. हल्ला अंगाशी आला, तर हीच जहाजे उथळ पाण्यातून खाडीत शिरत आणि किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला येत. पाठलाग करणाऱ्याला तेथपर्यंत येणे परवडत नसे.

जहाजांची बांधणी आणि डागडुजीही याच खाडीत होई. किल्ल्यापासून काही किलोमीटर आत, गिर्ये गावाच्या हद्दीत, आंग्रे काळातील गोदी आहे. सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असे हे आवार काही भागात कातळ फोडून आणि काही भागात दगडी भिंती रचून केले आहे. लाकडी जहाजाच्या तळाला शंखशिंपले आणि शेवाळ चिकटते, किडा लाकूड पोखरतो, फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपते. म्हणून ते अधूनमधून कोरड्यात आणून खरवडावे लागते, सांधे पुन्हा भरावे लागतात आणि तळाला तेल व राळ यांचा थर द्यावा लागतो. येथे भरती-ओहोटीच्या पातळीत साधारण दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. गोदीची रचना याच फरकाचा लाभ घेणारी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जहाज तरंगत आत यायचे, ओहोटीला पाणी उतरले की तोंड बंद करायचे आणि कोरड्या तळावर सुतारकाम सुरू करायचे. मोठा कारखाना नाही, यंत्र नाही. चंद्राच्या तिथीवर चालणारी ही गोदी चारशे-पाचशे टनांची जहाजे सांभाळू शकत होती. किल्ल्याच्या इतिहासात बुरुजांची जेवढी चर्चा होते, तिच्या दशांशही या गोदीची होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही सगळी व्यवस्था पूर्ण भरात आली ती कान्होजी आंग्रे यांच्या काळात. इंग्रज त्यांना चाचे म्हणत, आणि हा शब्द आजही काही ठिकाणी तसाच उचलला जातो. त्यामागचे भांडण समजून घ्यायला हवे. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने शुल्क भरून परवाना घ्यावा, असा नियम पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर फार पूर्वीच लागू केला होता. मराठ्यांच्या परवान्याला ‘दस्तक’ म्हणत. छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, या नात्याने कान्होजींनी दस्तकाचा आग्रह धरला. इंग्रजांना तो मान्य नव्हता. दस्तक नसलेले जहाज पकडणे ही कान्होजींच्या दृष्टीने राज्याच्या अधिकाराची अंमलबजावणी होती आणि इंग्रजांच्या दृष्टीने चाचेगिरी. किनाऱ्याचा धनी कोण, या प्रश्नावरची ही लढाई होती.

या काळात विजयदुर्गावर तीन मोठे हल्ले झाले. १७१७ मध्ये इंग्रज आले आणि परत गेले. १७२० मध्ये ते खास बांधलेला तरता तोफखाना घेऊन आले, तोही निरुपयोगी ठरला. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजांनिशी प्रयत्न केला. त्यांनाही हात हलवत परतावे लागले. १७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. पुढे मुलांमध्ये वाटणी होऊन अलिबागचा कुलाबा किल्ला मानाजींकडे आणि विजयदुर्ग संभाजींकडे गेला. संभाजींनी १७३५ मध्ये ‘डर्बी’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे जहाज पकडले. त्यांच्यानंतर आलेल्या तुळाजींनी १७४९ मध्ये ‘रिस्टोरेशन’ हे कंपनीचे लढाऊ जहाज घेतले आणि १७५४ मध्ये तीन डच जहाजांवर हल्ला करून दोन जाळली, एक पकडले. बाहेरच्या शत्रूला विजयदुर्ग जिंकता येत नाही, हे तोवर पुरते सिद्ध झाले होते.

मग तो पडला कसा? याचे उत्तर पुण्यात आहे. तुळाजी पेशव्यांचे वर्चस्व मानत नव्हते, आणि एक मराठी सरदार स्वतंत्र आरमार बाळगून मन मानेल तसे वागतो, हे नानासाहेब पेशव्यांना सहन होणारे नव्हते. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तुळाजींविरुद्ध करार केला. एप्रिलच्या आरंभीच कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. पुढील वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन याचे आरमार विजयदुर्गासमोर आले. सोबत रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखालील फौज होती. जमिनीच्या बाजूने पेशव्यांचे सैन्य आधीच येऊन बसले होते.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. पूर्वीचे हल्ले मुख्यतः तटाला भगदाड पाडण्याच्या हिशेबाने झाले होते. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी इंग्रजी जहाजे दोन रांगा करून सरळ खाडीच्या मुखात शिरली आणि किल्ल्याच्या उत्तर अंगाला नांगरली. एक रांग किल्ल्यावर मारा करीत होती आणि दुसरीचे लक्ष्य आंग्रे यांचे आरमार होते. ते आरमार समुद्रावर निघालेच नव्हते. एरवी चपळाईच्या बळावर लढणाऱ्या गुराबा किल्ल्याच्या छायेत, एकमेकींना बांधून उभ्या होत्या. दुपारनंतर एक तोफगोळा तुळाजींनीच पूर्वी जिंकून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’वर पडला आणि त्या जहाजाने पेट घेतला. सागवानी फळ्या, तेल, राळ, काथ्याचे दोर आणि सुकी शिडे यांनी बनलेल्या जहाजांना दुसऱ्या ठिणगीची गरज नव्हती. ज्वाळा एका गुराबेवरून दुसरीवर गेल्या आणि थोड्याच वेळात सबंध आरमार जळून गेले. कान्होजींच्या काळापासून उभे राहिलेले बळ त्या एका संध्याकाळी संपले.

तट मात्र बव्हंशी उभेच होते. तरीही १३ फेब्रुवारीला किल्ल्याने शरणागती पत्करली. जहाजांच्या आगीने आतले मनोधैर्य खचले होते, आणि तुळाजी स्वतः किल्ल्यात नव्हते. बोलणी करण्यासाठी ते पेशव्यांच्या गोटात गेले होते. किल्ला मराठी फौजेच्या हवाली होऊ नये म्हणून क्लाइव्हने आदल्या रात्रीच आपले लोक उतरवून किल्ला आणि पेशव्यांची छावणी यांच्यामध्ये ठाण मांडले होते. आत सापडलेली सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांतच वाटून घेतली. किल्ल्यावर पेशव्यांनी दावा सांगितला, पण तो त्यांच्या हाती यायला ऑक्टोबर उजाडला, आणि त्याच्या बदल्यात बाणकोट इंग्रजांना द्यावे लागले. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. वॉटसन आणि क्लाइव्ह हीच जोडी पुढे बंगालवर गेली, आणि जून १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली.

नानासाहेबांनी मराठी आरमार इंग्रजांकरवी बुडवले, हा आरोप तेव्हापासून होत आला आहे. तुळाजींचे वर्तन दुखावणारे होते आणि बंडखोर सरदाराला आवरणे हा राज्यकर्त्याचा अधिकार होता, हे मान्य करूनही मला तो आरोप रास्त वाटतो. सरदाराला आवरणे वेगळे आणि ज्या एकमेव शक्तीचा इंग्रजांना समुद्रावर धाक होता, ती त्यांच्याच हातून नष्ट करवणे वेगळे.

त्यानंतर विजयदुर्ग पेशव्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला आणि धुळप घराण्याकडे त्याची जबाबदारी आली. आनंदराव धुळप यांनी ८ एप्रिल १७८३ रोजी ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज जिंकून विजयदुर्गात आणले. या काळातही आरमाराने चांगली झुंज दिली, पण आंग्रे काळातला दरारा परत आला नाही. १८१८ मध्ये पेशवाईबरोबर किल्लाही इंग्रजांकडे गेला.

किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर याने येथूनच हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. गावाला या गोष्टीचा अभिमान आहे आणि १८ ऑगस्टला येथे हेलियम दिनही साजरा होतो. म्हणूनच ती नीट सांगितली पाहिजे. ग्रहणाच्या दिवशी लॉकयर भारतात नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन याने ते ग्रहण आंध्रातील गुंटूर येथून पाहिले. लॉकयरने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. ती नव्या मूलद्रव्याची असावी, असे मानून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर ते सापडले १८९५ मध्ये. परंतु लॉकयरचा विजयदुर्गाशी संबंध पूर्णपणे खरा आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेले खग्रास ग्रहण पाहण्यासाठी तो मोठी मोहीम घेऊन येथेच आला होता आणि ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. दुर्बिणी स्थिर ठेवण्यासाठी पक्के ओटे लागतातच, त्यामुळे आज दाखवले जाणारे ओटे त्या मोहिमेचे असणे अधिक सयुक्तिक वाटते. हेलियम ज्याने ओळखले, तो शास्त्रज्ञ तीस वर्षांनी याच तटावर उभा राहून काळवंडलेला सूर्य पाहत होता. ही खरी हकिकतही सांगण्याजोगी आहे.

विजयदुर्ग हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत त्याचा समावेश आहे. तरीही समुद्राच्या बाजूच्या चिऱ्यांवर लाटांचा मारा चालूच असतो आणि सांध्यांत वाढणारी झाडे तट आतून उकलत राहतात. अलीकडच्या पावसाळ्यांत काही भाग ढासळलाही आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील तळेरे येथून किल्ला सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि रस्ता थेट दरवाजापर्यंत जातो, त्यामुळे वयस्कर मंडळींनाही तो पाहता येतो. पावसाळ्यात तटावरचे दगड निसरडे होतात, तेव्हा दिवाळीनंतर जाणे चांगले.

जाण्याआधी त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवावी. सकाळी किल्ला पाहून ओहोटीला गिर्ये गावाकडे जावे आणि रामेश्वराच्या देवळात थोडे थांबावे; संभाजी आंग्रे यांची समाधी तेथेच आहे. मग गोदीकडे उतरावे. गाळाने भरलेल्या त्या आवारात पाणी ओसरले की दगडी भिंतींची रेघ उघडी पडते आणि ज्या तोंडातून उधाणाबरोबर गुराबा आत येत, ते तोंडही ओळखता येते.